अर्धा मिलिग्रॅम

धैदच्या रुग्णालयात रात्री पावणेदोनला
पिकअप थेट दाराला लागली.
मागे, खजुराच्या रिकाम्या क्रेटांमध्ये
मोफज्जल, वय छत्तीस.
मुकादम अर्धं हिंदीत, अर्धं पश्तोत सांगत होता:
पाण्याची पाळी बदलायला गेला, अनवाणी,
समसुम चावली.
काळी मुंगी. जिऱ्याएवढी.

ओठ सुजलेले, अंगभर गांध्या,
श्वासात शिटी,
वरचा रक्तदाब साठ.
मुंगीचं विष ते केवढं!
त्याच्याच शरीरानं, घरात चोर शिरला म्हणून,
सगळे नळ सोडून दिले होते,
आणि आता भिंतीच पाझरत होत्या.

मी ॲम्प्यूल मोडली.
काचेचा तो टिचका आवाज
मला नेहमी जरा मोठाच वाटतो.
मांडीच्या बाहेरच्या अंगाला, लुंगीवरूनच,
अर्धा मिलिग्रॅम भीती.

भीतीच म्हणते मी तिला.
मिरजेच्या कॉलेजात टाकळे मॅडम
फळ्यावर अल्फा, बीटा, एक, दोन असे रकाने आखायच्या
आणि मी दोनदा नापास झाले.
मग सुट्टीत दापोलीला आई सांगत होती,
न्हाणीघरात घोणस निघाली तेव्हाचं:
पांढरीफटक पडले गं, अंगावर सर्रकन काटा,
तोंडचं पाणी पळालं,
छातीत ही धडधड, हात लटलट,
आणि कुठून दम आला कोण जाणे,
पार शेजारच्या खोतांच्या अंगणापर्यंत पळाले!
मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतलं.
काटा, पांढरेपणा: अल्फा.
धडधड: बीटा एक.
लटलट आणि तो कुठूनसा आलेला दम: बीटा दोन.
अख्खा तक्ता आईच्या तोंडी होता,
आणि तिला साधं मूत्रपिंडसुद्धा माहीत नव्हतं,
त्याच्यावर टोपीसारखी बसलेली ग्रंथी तर दूरच.

एक मिनिट. दोन.
पाझरणाऱ्या नळ्या आवळत गेल्या,
हृदयानं ओझं उचललं,
आणि त्याच थेंबानं, त्याच हुकमानं,
फुप्फुसातल्या वाटा मात्र सैल सोडल्या.
इथे मूठ, तिथे उघडा तळवा.
अठरा वर्षं बघतेय,
अजून मला ते खरं वाटत नाही.

पलीकडे चार नंबरला तिचीच थोरली बहीण
पंपातून तासाला चार मिलीनं चालली आहे.
जंतू रक्तात पसरलेला म्हातारा,
त्याचा रक्तदाब ती तोलून धरते
आणि मोबदल्यात बोटांची टोकं निळी करत जाते.
मी दर तासाला त्याची बोटं चोळते.
हे कुठल्या चार्टमध्ये लिहायचं नसतं.

आणि मी?
इथल्या परवान्याच्या तोंडी परीक्षेआधी
बीटाचं दार बंद करणारी गोळी घेतली होती,
अर्धीच.
हात दगडासारखे स्थिर.
परीक्षक म्हणाले, तस्नीम, तुम्ही घाबरत नाही?
घाबरले होते हो. फक्त हृदयाला कळवलं नव्हतं.

पाच मिनिटं. दाब नव्वद. शिटी विरली.
दुसरा डोस ट्रेमध्ये भरून ठेवला, लागला नाही.
मोफज्जलनं डोळे उघडले आणि तो
थरथरायला लागला, दात वाजेपर्यंत,
उठायला गेला. मी खांदा दाबला: पडून राहा.
म्हणाला, सिस्टर, फार भीती वाटते.

मी म्हटलं, ही तुझी नाही.
बाटलीतली आहे, मी घातलेली.
दहा मिनिटांत उतरेल.

तो छताकडे बघत राहिला.
बाहेर मुकादम विचारत होता, कधी सोडणार,
पाण्याची पाळी पहाटे चारची आहे.
सहा तास नजरेखाली, मी म्हटलं, उलटू शकतं.

मग त्यानं हळूच विचारलं,
आणि माझी?

मॉनिटरवर एकशे अठरा. एकशे चौदा.
मी त्याच्या पायाखाली अजून एक उशी सरकवली.